दया आणि दाद

ज्या ठिकाणी प्रवासी थांबतो त्याच ठिकाणी, ज्याला कोठेच जावयाचे नाही असा माणूसही थांबतो, हे एसटीच्या कोणत्याही मोठ्या स्थानकावर रात्री दहानंतर पाहावयास मिळते. खोपट हे ठाण्यातील एसटीचे आगार असल्यामुळे घाटावरच्या आणि कोकणातल्या गाड्यांची वाट पाहणारी मंडळी, त्यांच्या पिशव्या, बोचकी आणि मांडीवर झोपी गेलेली पोरे यांच्यामध्येच एखादी म्हातारी, एखादा पाय सुजलेला इसम, एखादे सबंध कुटुंब असे आढळते की ज्याच्या गाडीचा पुकारा कधीच होणार नसतो. या माणसांच्या बाबतीत समाजाने काय करावयाचे, या प्रश्नावर आमच्या वस्तीतील दोन वयोवृद्ध गृहस्थांचा जो वाद सिद्धेश्वर तलावाच्या आसपास, संध्याकाळच्या फेरफटक्यात, बरेच दिवस चालला, तो शक्य तितका त्यांच्याच शब्दांत मी येथे नोंदवीत आहे. मी त्या वादातला तटस्थ साक्षीदार नव्हतो, आणि माझा कौल कोणाकडे झुकला हे वाचकांपासून लपविण्याचे मला काही कारण दिसत नाही.

नाना एसटीतून वाहतूक नियंत्रक म्हणून सेवानिवृत्त झाले. मराठवाड्यातल्या एका मोठ्या स्थानकावर त्यांच्या नोकरीचा बराच काळ गेला. भाऊसाहेब फौजदारी न्यायालयात शिरस्तेदार होते. नाना रोज संध्याकाळी पोळी-भाजीचा एक डबा हातात घेऊन निघतात आणि परतताना तो रिकामा असतो. भाऊसाहेबांनी मात्र रस्त्यावर पसरलेल्या हातावर कधी एक रुपया ठेवलेला मी पाहिला नाही. त्यांचे लक्ष असते ते कायद्याच्या कलमांकडे, महापालिकेच्या अंदाजपत्रकाकडे आणि माहितीच्या अधिकारात केलेल्या अर्जांच्या उत्तरांकडे. पाहणाऱ्याला प्रथमदर्शनी असेच वाटेल की नाना दुर्बलांच्या बाजूचे आहेत आणि भाऊसाहेब कोरडे आहेत. वाद सुरू झाला तेव्हा मलाही तसेच वाटत होते.

“फलाट हा उतारूंचा आहे, भाऊसाहेब,” नाना म्हणाले. “पहाटेच्या गाडीने माहेरी निघालेली लेकुरवाळी बाई बाकावर बसली आहे आणि शेजारी दारूच्या नशेत ओकलेला इसम पडला आहे, अशा वेळी तिची तक्रार मी कोणत्या तोंडाने खोटी ठरवायची? रातराणी सुटून गेली की मी स्वतः कित्येकांना उठवले आहे, दंडाला धरून बाहेर काढले आहे, आणि त्यांतल्याच कित्येकांना सकाळी कँटीनमधून चहा-पाव सांगितला आहे. ही दोन्ही कामे मीच केली. स्थानक स्वच्छ ठेवणे ही माझी नोकरी होती आणि भुकेल्याच्या तोंडात घास घालणे हा माझा धर्म. आता तुम्ही लोक त्याला हक्क म्हणू लागलात. हक्क म्हटला की देणाऱ्याचा हात आखडतो, हे लक्षात ठेवा.”

“तुमचा हात आखडला तर एक डबा कमी होईल, नाना,” भाऊसाहेब उत्तरले, “परंतु सरकारचा हात जेव्हा दंडाला धरतो तेव्हा तो तुमच्यासारखा सकाळी चहा सांगत नाही. मुंबई इलाख्यात १९४५ साली भिकाऱ्यांविषयी एक कायदा झाला होता. १९५९ साली त्याच्या जागी भीक मागण्यास प्रतिबंध करणारा अधिक व्यापक कायदा आला आणि पुढे दिल्लीनेही तोच उचलला. त्यातली व्याख्या मी इतक्या वेळा वाचली आहे की ती मला पाठ आहे. उघड भीक मागणारा तर भिकारी आहेच. पण गाणे, नाच, भविष्यकथन, खेळ किंवा काही वस्तू विकणे यांच्या मिषाने पैसे मागणाराही भिकारी. जखम किंवा व्यंग दाखविणाराही भिकारी. आणि ज्याच्या उपजीविकेचे साधन डोळ्यांना दिसत नाही, जो सार्वजनिक जागी अशा अवस्थेत हिंडतो वा राहतो की हा भीक मागूनच जगत असावा असे पाहणाऱ्याला वाटावे, तोही भिकारी! त्याने हात पसरलाच पाहिजे असे नाही. त्याला पोलिसाने वॉरंटाशिवाय धरावे, न्यायाधीशाने संक्षिप्त चौकशी करावी आणि दोष शाबीत झाल्यास पहिल्याच खेपेला एक ते तीन वर्षे भिक्षेकरी गृहात रवाना करावे. पुन्हापुन्हा सापडला तर ही मुदत दहा वर्षांपर्यंत जाऊ शकते. घरफोडी करणाऱ्याला निदान आपण काय केले हे ठाऊक असते.”

न्यायालयात हे प्रत्यक्ष कसे घडते असे मी विचारले, तेव्हा भाऊसाहेबांनी जे वर्णन केले ते मी विसरू शकलेलो नाही. धाडीच्या दिवशी पोलिसांची गाडी दुपारच्या सुट्टीनंतर येई. उतरणाऱ्यांत दोन प्रकारची माणसे असत: ज्यांना आपण कोठे आलो आहोत हे ठाऊक असे ती निमूटपणे भिंतीला टेकून बसत, आणि ज्यांना ते ठाऊक नसे ती भेटेल त्या पट्टेवाल्याला नमस्कार करीत. पुकारा झाला की नाव, वय, गाव, धंदा हे चार प्रश्न. एका माणसाच्या खांद्यावर संबळ होते. धंदा काय, तर गोंधळ घालतो. गोंधळ घालायला कोणाच्या घरचे आमंत्रण होते, तर नाही, पुलाखाली वाजवीत होतो. जामीन कोण राहील, तर येथे ओळखीचे कोणी नाही. शिक्षा झाली नाही, समज देऊन सोडण्यात आले, कारण न्यायाधीश दयाळू होते. “परंतु संबळ मुद्देमाल म्हणून जमा झाले होते,” भाऊसाहेब म्हणाले, “आणि ते परत मिळावे यासाठी अर्ज करावयाचा, तर अर्जात पत्ता लिहावा लागतो. न्यायालयाच्या व्हरांड्यात तो माणूस संध्याकाळपर्यंत बसून होता. कुलदैवतापुढे त्याच संबळावर लग्नकार्ये पार पडतात, नाना; तुमच्या-आमच्या घरातली पार पडली आहेत.”

गोंधळी, वासुदेव, बहुरूपी, नंदीबैलवाले, पोतराज: महाराष्ट्रातील कितीतरी भटक्या जमातींचा परंपरागत व्यवसाय त्या एका व्याख्येने अपराधांच्या यादीत जाऊन बसला, ही गोष्ट आपल्या लोकसंस्कृतीवर व्याख्याने देणाऱ्या विद्वानांनी फारशी मनावर घेतलेली मला दिसली नाही. भटक्या-विमुक्तांसाठी केंद्र सरकारने २००६ साली जो राष्ट्रीय आयोग नेमला त्याचे अध्यक्ष बाळकृष्ण रेणके हे स्वतः गोंधळी समाजातले. ज्या समाजाची कला आपण रंगमंचावर आणून गौरविली, त्या समाजातल्या माणसाला रस्त्यावर तीच कला सादर करण्यास कायद्याने बंदी असावी, यात जी क्रूरता आहे ती तिकीट काढून प्रेक्षागृहात बसणाऱ्याला जाणवत नाही.

व्याख्येतली उपजीविकेच्या न दिसणाऱ्या साधनाविषयीची शब्दयोजना मूळची आपली नाहीच. नेपोलियनशी चाललेली युद्धे संपल्यावर इंग्लंडात कामावरून सुटलेले शिपाई आणि गावोगाव भटकणारे मजूर यांना आवरण्यासाठी १८२४ साली पार्लमेंटने भटकेपणाविरुद्ध कायदा केला, त्यात उपजीविकेचे दृश्य साधन नसणे ही कसोटी होती. तो कायदा रद्द करण्याचे खुद्द त्या पार्लमेंटने २०२२ साली ठरविले. दिल्लीच्या उच्च न्यायालयाने न्यायमूर्ती गीता मित्तल आणि सी. हरी शंकर यांच्या निकालाने ८ ऑगस्ट २०१८ रोजी मुंबईच्या कायद्यातील बहुतेक कलमे दिल्लीपुरती घटनाबाह्य ठरविली. ज्या राज्यात हा कायदा जन्मला त्या आपल्या राज्याला मात्र तो निकाल लागू झाला नाही.

नानांना हे सारे ऐकून अस्वस्थ वाटले, पण ते हटले नाहीत. “आणि टोळ्या? लहान पोरांना पळवून, हातपाय मोडून भिकेला लावणाऱ्यांचे काय? तेही मोकळे सोडायचे?”

“त्यांच्यासाठी कलमे वेगळी आहेत आणि ती कोणी काढलेली नाहीत. अल्पवयीनांना भिकेसाठी पळविणे वा अपंग करणे हा स्वतंत्र, भयंकर गुन्हा आहे. दुसऱ्याकडून भीक मागवून घेणाऱ्याला शिक्षा सांगणारे कलम दिल्लीच्या न्यायालयानेही मुद्दाम शाबूत ठेवले. परंतु माझ्या नोकरीत त्या गाडीतून टोळीचा म्होरक्या उतरलेला मी पाहिला नाही. उतरत होती ती पायाने अधू झालेली, वाट चुकलेली, मुलांनी सोडलेली माणसे.”

नानांनी आता आपले सर्वांत बळकट शस्त्र काढले. “गाडगेबाबांनी काय शिकवले, भाऊसाहेब? आधी गाव झाडले, मग भाकरी घेतली. फुकट खाऊ नये, कर्ज काढू नये, देवाच्या नावावर पैसे उधळू नयेत. ते पैसे भुकेल्याला द्यावे, निवाऱ्याला द्यावे. बाबांनी धर्मशाळा उभ्या केल्या, त्या कोणत्या कलमाखाली? लोकांच्या अंतःकरणाला पाझर फुटला आणि धर्मशाळा उभ्या राहिल्या. तुमच्या हक्काने एक तरी धर्मशाळा बांधली का?”

भाऊसाहेब बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “बाबा गेले १९५६ साली, डिसेंबर महिन्यात. हा कायदा झाला १९५९ साली. अंगावर चिंध्यांची गोधडी, एका कानात कवडी, हातात फुटके गाडगे, मुक्कामाचा पत्ता नाही, उपजीविकेचे साधन दिसत नाही. तीन वर्षे अधिक जगले असते तर ज्याने त्यांना ओळखले नसते त्या शिपायाने या व्याख्येप्रमाणे त्यांना गाडीत घालणे अगदी कायदेशीर होते. आणि सुटले असते ते कशामुळे? कोणीतरी धावत येऊन, अहो हे गाडगेबाबा, असे सांगितले असते म्हणून. ज्याच्यासाठी कोणी धावत येणार नाही त्याचे काय, हा माझा प्रश्न आहे. आता धर्मशाळांचे. पंढरपूरला आधीच डझनावारी धर्मशाळा असताना बाबांना चोखामेळ्याच्या नावाची धर्मशाळा वेगळी का बांधावी लागली? दयाळू लोकांनीच बांधलेल्या होत्या ना त्या सगळ्या? त्या दयेच्या दारात अस्पृश्याला थारा नव्हता. पुढे बाबांनी ती इमारत डॉक्टर आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली, म्हणजे ज्या माणसाने आयुष्यभर दयेचा उपदेश केला त्याने आपली इमारत हक्कासाठी झगडणाऱ्याच्या हाती दिली.”

हा या वादाचा मध्यबिंदू होता, असे मला वाटते. दयेविरुद्ध बोलणे सोपे नाही. ती नसेल तर कायद्याचा कागद कोणी हातातही घेणार नाही. परंतु दया आपली माणसे निवडते. ती स्वच्छ, वृद्ध, हात जोडणाऱ्या, आपल्या बोलीत बोलणाऱ्या माणसाकडे चटकन जाते, आणि ज्याच्या तोंडाला दारूचा वास येतो, जो शिवी देतो, ज्याला वेड लागले आहे, ज्याच्या जातीविषयी आपल्या मनात पिढ्यान्‌पिढ्यांचा संशय साठला आहे, त्याच्यापाशी ती थबकते. सर्वांत दुर्बल कोण, तर ज्याची कणव येत नाही तो. न्यायाची गरज सर्वांत अधिक त्याला आहे, आणि समाजाची परीक्षा पाहावयाची तर ती त्याच्यापाशी पाहिली पाहिजे. गोड बोलणाऱ्या म्हातारीला घास देण्यात आपल्यापैकी बहुतेकांना फारसे कठीण काही वाटत नाही.

भाऊसाहेबांनी हेच नानांना अधिक उघडपणे सांगितले. नानांचा डबा खोपटच्या स्थानकावर कोणाला मिळतो, हे त्यांनी पाहिले होते. एक सातारकडची म्हातारी, जी त्यांना ‘दादा’ म्हणते, आणि एक माळकरी गृहस्थ. कॅडबरी नाक्यावर गजरे विकणारी पारध्यांची पोरे कधीकधी तेथे येतात. त्यांना डब्यातले काही मिळत नाही.

“ती पोरे चोरतात,” नाना म्हणाले.

“तुमचे काय चोरले?”

नाना प्रामाणिक मनुष्य आहेत. पोरांनी काही चोरले नाही असे त्यांनी सांगितले. पण नजर, ती नजरच, असे ते म्हणत राहिले. त्यावर भाऊसाहेबांनी त्या नजरेचा इतिहास काढला. १८७१ साली इंग्रज सरकारने जन्माने गुन्हेगार ठरणाऱ्या जमातींचा कायदा केला. तो प्रथम उत्तरेकडे होता, १९११ साली नव्या कायद्याने मुंबई इलाखाही त्याच्या टप्प्यात आला. ज्या जमातींची नोंद त्या दप्तरात झाली त्यांच्यातील पाळण्यातले मूलही संशयित. पाटलाकडे हजेरी, गाव सोडावयाचे तर परवाना, आणि सोलापूरसारख्या ठिकाणी तारेच्या कुंपणाआड सेटलमेंट, जेथे कुटुंबेच्या कुटुंबे कोंडून त्यांच्याकडून गिरण्यांत काम करवून घेतले जाई. देश स्वतंत्र होऊनही पाच वर्षे हा कायदा अस्तित्वात होता. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो उठला, म्हणून त्या माणसांना विमुक्त म्हणतात. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी त्याच्या कितीतरी आधी फासेपारध्यांना आपल्या पदरी नोकरीस ठेवून त्यांच्यावर विश्वास टाकला होता. तुळजापूरच्या, धाराशिवच्या दुष्काळी मुलखातून ठाण्यात येऊन पुलाखाली संसार मांडणारी पारधी कुटुंबे त्यांचीच भाऊबंद. “कायदा उठला,” भाऊसाहेब म्हणाले, “पण हजेरी अजून चालू आहे. पाटलाऐवजी आपण सगळे ती घेतो.”

मला वाटले होते की नाना येथे गप्प होतील. त्यांनी उलट भाऊसाहेबांनाच पेचात धरले. तीन हात नाक्याच्या उड्डाणपुलाखाली २०१६ सालापासून सिग्नल शाळा चालते. समर्थ भारत व्यासपीठ या संस्थेने ठाणे महानगरपालिकेच्या साहाय्याने ती सुरू केली. ज्या पुलाखाली ही मुले फुगे, झेंडे, गजरे विकत, तेथेच कंटेनरांत वर्ग भरू लागले. “मी पाहून आलो आहे,” नाना म्हणाले. “वर द्रुतगती मार्गावरून गाड्यांची गर्जना चालली आहे आणि खाली पोरे पाढे म्हणत आहेत. आधी आंघोळ, धुतलेला गणवेश, मग प्रार्थना. तेथले काही दहावी पास झाले. आता सांगा, शिक्षणाचा हक्क देणारा कायदा २००९ सालचा. पुलाखालच्या पोरांसाठी त्या कायद्याने इतकी वर्षे काय केले? त्या पोरांचा हात धरला तो ज्यांना त्यांची कळकळ वाटली त्या माणसांनी. हीच माझी दया.”

हे खरे आहे, आणि भाऊसाहेबांनी ते खरे असल्याचे मान्यही केले. कायदा म्हणतो की सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक बालकास शेजारच्या शाळेत मोफत शिक्षण मिळावे. परंतु ज्याला घर नाही त्याला शेजार कोठला? मास्तराच्या हजेरीपटावर जे नाव चढावयाचे ते पटावर येण्याआधी एखाद्या दारावरच्या पाटीवर असावे लागते, हे गृहीत धरूनच कायदा लिहिला गेला. शाळेला मुलाकडे चालत जावे लागले. तरी भाऊसाहेबांचे एक म्हणणे राहिलेच, आणि ते मला निर्णायक वाटते. ठाणे शहरात पुलाखाली एक शाळा उघडली याचा आनंद आहे. परंतु कल्याणच्या स्थानकाबाहेर, डोंबिवलीच्या फलाटावर, भिवंडीच्या वळणावर जे मूल उभे आहे, त्याच्या वाट्याला अशी कळकळीची माणसे आली नाहीत तर त्याने कोणाकडे तक्रार करावयाची? कळकळ एका नाक्यावर उगवते आणि पुढच्या नाक्यावर उगवत नाही; त्यात कोणाचाही दोष नसतो, आणि म्हणूनच कोणालाही जाब विचारता येत नाही. हक्क असला की नकाराला निदान दाद मागता येते.

“आणि दयाळू माणसाच्या हाती हुकूम असला की काय होते तेही ऐका,” भाऊसाहेब पुढे म्हणाले. १९८१ सालच्या जुलैमध्ये, भर पावसाळ्यात, मुख्यमंत्री अंतुले यांनी मुंबईच्या पदपथांवर राहणाऱ्यांना उठवून ज्याच्या त्याच्या मुलखात रवाना करण्याचे जाहीर केले. त्यांनी दिलेले कारण तिरस्काराचे नव्हते. हे जिणे अमानुष आहे, पावसात या तकलादू झोपड्यांत माणसे राहू शकत नाहीत, असे त्यांचे म्हणणे होते. ज्यांची कणव आली त्यांनाच शहराबाहेर घालविण्याची तजवीज झाली. पत्रकार ओल्गा टेलिस आणि पदपथावरचे रहिवासी यांच्या अर्जांवर १० जुलै १९८५ रोजी सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लागला. तो लिहिणारे सरन्यायाधीश यशवंत विष्णू चंद्रचूड दुसऱ्याच दिवशी निवृत्त झाले. जगण्याच्या हक्कात उपजीविकेचा हक्क अंतर्भूत आहे, कारण उपजीविका काढून घेतली की जगणे उरत नाही, असे पाच न्यायमूर्तींच्या पीठाने एकमुखाने ठरविले.

“पण झोपड्या वाचल्या का?” नानांनी विचारले. त्यांना उत्तर ठाऊक होते. त्याच निकालाने पालिकेचा हटविण्याचा अधिकार मान्य केला. एवढेच की पावसाळा संपेपर्यंत, ३१ ऑक्टोबरपर्यंत, हात लावू नये. “म्हणजे तत्त्व मिळाले पुस्तकाला, आणि माणसाला मिळाले चार महिने.”

“चार महिने मिळाले ते मागण्याचा अधिकार होता म्हणून,” भाऊसाहेब म्हणाले. “आणि पुस्तकातले तत्त्व मरत नाही. २०२१ साली, करोनाच्या दिवसांत, भिकाऱ्यांना सिग्नलवरून आणि बाजारांतून हटवावे असा अर्ज त्याच न्यायालयापुढे आला, तेव्हा यशवंत चंद्रचूडांचे चिरंजीव धनंजय चंद्रचूड पीठावर होते. पर्याय असता तर कोणी भीक मागितली नसती, आम्ही अभिजनांच्या नजरेने याकडे पाहणार नाही, असे त्या पीठाने सांगितले आणि हटविण्याचा हुकूम देण्यास नकार दिला.”

इतके झाल्यावर बोलणे तत्त्वावरून निवाऱ्यावर आले, आणि मला ते बरे वाटले. २८ फेब्रुवारी २०११ च्या रात्री जनगणनेच्या प्रगणकांनी उघड्यावर झोपणाऱ्यांची मोजणी केली. देशात ती संख्या १७ लाख ७० हजारांच्या घरात भरली, महाराष्ट्रात २ लाखांवर. एका रात्रीत जे दिसले ते मोजले गेले. लोकसंख्येच्या प्रत्येक लाखामागे शंभर माणसांचा एक कायमस्वरूपी निवारा असावा, असा दंडक राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाने घालून दिला. भाऊसाहेबांनी त्याचा हिशेब मांडला. त्याच जनगणनेप्रमाणे ठाणे शहराची वस्ती १८ लाखांवर, म्हणजे निवारे अठरा. कल्याण-डोंबिवलीची १२ लाखांवर, म्हणजे बारा. दोन्ही शहरे त्यानंतर किती वाढली हे आपण घोडबंदरच्या आणि शिळफाट्याच्या रस्त्यांवर रोज पाहतो. आपल्या प्रभागात निवारा कोठे आहे असे कोणालाही विचारून पाहावे. मंदिरे, उद्याने, तलाव, मॉल हे सारे रिक्षावाला सांगेल.

नाना म्हणाले, “निवारा बांधला तरी ती माणसे जात नाहीत. मला विचारा. ज्याला पहाटे चारला मार्केटात पाटी उचलायची आहे त्याला तुम्ही गावाबाहेर खाट दिली तर तो फलाटावरच झोपणार. आणि दारात कार्ड मागितले की म्हातारी परत फिरते.” येथे नानांची माहिती भाऊसाहेबांच्या माहितीपेक्षा चांगली होती. त्या सातारकडच्या म्हातारीच्या बोचक्यात प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेले एक पासबुक आहे. ओलीने त्याची पाने एकमेकांना चिकटली आहेत आणि ज्या पानावर फोटो होता तेथे आता तपकिरी डाग आहे. तिने ते नानांना दोनदा दाखविले होते. घर नसलेल्याचे आधारकार्ड कोणत्या पत्त्यावर निघणार, असा प्रश्न सर्वोच्च न्यायालयाने २०१८ च्या जानेवारीत उत्तर प्रदेश सरकारला विचारला होता. त्या म्हातारीला हा प्रश्न कोणी न विचारता समजलेला आहे.

शेवटी दोघांनी मिळून महापालिकेकडे एक निवेदन करावयाचे ठरविले. पाचपाखाडीतले पालिकेचे मुख्यालय येथून पायी जाण्याजोगे आहे. पहिली मागणी, आगारापासून चालत जाण्याच्या अंतरावर निवारा असावा. दुसरी, दारात ओळखीचा कागद मागू नये. तिसरी, स्त्रियांसाठी, वृद्धांसाठी आणि रुग्णालयातून सुटलेल्यांसाठी स्वतंत्र व्यवस्था असावी; अभियानाच्या मार्गदर्शक तत्त्वांत ती सांगितलेलीच आहे. चौथी भाऊसाहेबांनी लिहिली: दारू प्यालेल्या, मनाने आजारी असलेल्या वा पूर्वी शिक्षा झालेल्या इसमास केवळ त्या कारणास्तव प्रवेश नाकारू नये.

नानांनी लेखणी अडविली. “रात्री दोन वाजता झिंगलेल्याला दार कोण उघडणार? तुम्ही? तेथे एक कंत्राटी रखवालदार असेल. तो हुसकावून लावील. मी त्याच्या जागी होतो, भाऊसाहेब, मला माहीत आहे. तुमचे कलम तोपर्यंत फाइलीत झोपलेले असेल.”

“मग त्याने ज्याला परत पाठविले त्याची नोंद ठेवावी,” भाऊसाहेब थोड्या वेळाने म्हणाले. “नाव सांगितले तर नाव, नाही तर वर्णन, वेळ, आणि नाकारण्याचे कारण. न्यायालयात साधा अर्ज फेटाळला तरी कारण लिहावे लागते. माणसाला रात्री रस्त्यावर परत पाठविताना मात्र आज कोणालाच काही लिहावे लागत नाही.”

नानांनी तो मजकूर दोनदा वाचला. पारध्यांच्या पोरांचा उल्लेख तिसऱ्या मागणीत घाला, असे ते म्हणाले. आई-बापांसह येणाऱ्या मुलांना एकत्र राहू द्यावे, असे वाक्य तेथे आले. मग चौथ्या मागणीखाली त्यांनी स्वतःच्या अक्षरात एक ओळ वाढविली: ‘सदरहू नोंदवही रोज सकाळी नऊ वाजता प्रभागाच्या जबाबदार अधिकाऱ्याने तपासून सही करावी, आणि मागणी करणाऱ्या कोणाही नागरिकास ती तेथेच पाहावयास मिळावी.’